शेवटच्या वितीतलं शिसं : पिण्याच्या पाण्याची तोटी, जोड आणि वॉल्व्ह कसे बदलावेत

लातूरमध्ये आम्ही घर बांधलं तेव्हा टाकी किती लिटरची घ्यायची, बोअर किती फूट न्यायचा, नळ किती दिवसांआड येतो, यावर महिनाभर खल चालला होता. तोटी कशाची बनलीय हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मुलीला वरचं दूध सुरू केलं तेव्हा पाणी तपासायला दिलं. अर्ज भरून घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाळासाठी आहे ना? मग शिसंही बघून घ्या." मी दोन बाटल्या दिल्या. टाकीतलं पाणी चांगलं निघालं. स्वयंपाकघराच्या तोटीतून सकाळी आलेल्या पहिल्या पाण्यात मात्र शिसं मर्यादेच्या जवळपास दुप्पट होतं.

टाकी आणि तोटी यांच्या मधे होतं काय? पाइप, काही एल्बो (पाइप वळवणारे जोड), एक वॉल्व्ह आणि हजारो रुपये मोजून घेतलेली ती चकचकीत तोटी. पुढचे दोन महिने मी दुकानं, मिस्त्री आणि प्रयोगशाळा यांच्यात फिरत होते. तुम्हाला तेवढं फिरावं लागू नये म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आधी एवढं समजून घ्या

पाण्यातल्या शिशाला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर क्षार, कठीणपणा अशा काही गोष्टींत हे मानक थोडी सूट देतं. शिशाला ती सूट नाही. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट प्रमाणात लहान मुलाच्या शरीरात शोषलं जातं आणि त्याचा मार मेंदूच्या वाढीवर बसतो. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांत हे शोषण आणखी वाढतं. गरोदर बाईच्या हाडांत साठलेलं शिसं बाळापर्यंत पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की रक्तात शिशाची सुरक्षित पातळी म्हणून माहीत असलेली कुठलीच नाही.

प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून आलाय. अमेरिका-युरोपातल्या जुन्या शहरांत शिशाचे अख्खे पाइप जमिनीत आहेत. आपल्या घरात शोधायच्या जागा वेगळ्या आहेत:

- पितळी तोट्या, अँगल कॉक, निपल आणि पाइपच्या जोडातले पितळी आटे. लेथवर पितळ सहज कापलं जावं म्हणून त्यात मुद्दाम दोन-तीन टक्के शिसं घालतात.
- गनमेटलचे वॉल्व्ह. त्यातली एक प्रचलित जात ८५-५-५-५ म्हणून ओळखली जाते : ८५ भाग तांबं, बाकी कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५ भाग.
- जुने पीव्हीसी पाइप. उष्णतेनं प्लास्टिक बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगं मिसळत असत. ती थांबवण्यासाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम केले.
- जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या आतला जस्ताचा थर. त्या जस्तात शिसं मिसळलेलं असू शकतं.
- आट्यांना लावलेला सफेदा किंवा शेंदूर, आणि झाळलेले जोड.

आता आपल्या भागाचं वेगळेपण. पाणी धातूला लागून जितका वेळ थांबेल तितकं शिसं त्यात जास्त उतरतं. जिथं नळ चोवीस तास वाहतो तिथंही रात्रीतून हे घडतं. आपल्याकडं तर नळाच्या थेट जोडणीत पाणी दिवसेंदिवस तसंच पडून राहतं. शिवाय आपलं पाणी बदलतं. पावसाळ्यानंतर धरणाचं, मार्चपासून बोअरचं, मेमध्ये टँकरचं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप झिजू नयेत म्हणून घालायचं औषध नव्या पाण्यात घातलं नाही, आणि वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या जुन्या पाइपांतून शिसं सुटू लागलं. म्हणून एका हंगामातला चांगला अहवाल वर्षभर पुरतो असं धरू नका. "आमच्याकडं पाणी जड आहे, आत क्षारांचा थर बसतो, काही होत नाही," हे मीही ऐकलंय. थर बसतो हे खरं. तो अर्धवट बसतो आणि पाणी बदललं की सुटतो, हेही खरं.

१. पाण्याची वाट कागदावर काढा

नळजोडणी किंवा बोअरपासून पिण्याच्या भांड्यापर्यंत पाणी कुठून कुठून जातं ते काढा. प्रत्येक ठिकाणी वस्तू कशाची आहे ते लिहा : प्लास्टिक, जीआय, पितळ, स्टील. कळत नसेल तर वस्तूची लपलेली बाजू नखानं किंवा चाकूच्या टोकानं किंचित खरवडा. चांदीसारख्या मुलाम्याखाली पिवळं दिसलं तर पितळ. मुलामा बाहेरून असतो, पाणी आतल्या उघड्या पितळाला लागतं.

आमच्या कागदावर असं निघालं : गच्चीवरची टाकी, टाकीखाली गनमेटलचा वॉल्व्ह, सीपीव्हीसी (एका जातीच्या प्लास्टिकचा) पाइप, भिंतीत पितळी आट्याचा एल्बो, पितळी तोटी. सगळं घर फोडायची गरज नाही हे तेव्हा कळलं. प्यायला आणि स्वयंपाकाला पाणी देणारी एकच वाट सुधारायची. न्हाणीघर, संडास, अंगणातला नळ जसेच्या तसे राहू द्या. आंघोळीच्या पाण्यातून शिसं कातडीतून शरीरात फारसं जात नाही.

२. पाणी तपासून घ्या

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा पेनासारखं टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. तुमच्या बोअरचा आकडा लिटरला ६०० मिलिग्रॅम असेल तर शिशाची मर्यादा आहे त्यातल्या एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. ते मीटर तो दाखवूच शकत नाही. ग्रामपंचायतीकडच्या साध्या चाचणी संचात कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड बघतात, शिसं नाही.

शिशासाठी धातू मोजणारं यंत्र असलेली प्रयोगशाळा लागते. जिल्ह्याच्या शासकीय पाणी प्रयोगशाळेत आधी विचारा. तिथं होत नसेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खाजगी प्रयोगशाळा शोधा. फोनवर तीन गोष्टी विचारा :

- शिसं तपासता का, आणि मान्यतेच्या यादीत ती चाचणी आहे का?
- तुमचं यंत्र लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा कमी मोजू शकतं का?
- बाटली तुम्ही देता का? (द्यायला हवी. धातूच्या चाचणीची बाटली आम्लानं धुतलेली असते. बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही.)

दुसरा प्रश्न सोडू नका. १९९१ च्या जुन्या मानकात मर्यादा ०.०५ होती आणि काही छापील नमुन्यांत ती अजून दिसते. अहवालात "आढळले नाही" लिहिलं असेल, तर किती पातळीच्या खाली आढळलं नाही ते विचारा.

नमुना असा घ्या. रात्री शेवटचं भांडं घासून झालं की त्या तोटीला कुणी हात लावायचा नाही, किमान सहा तास. सकाळी तोटीची जाळी न काढता, बाटली न विसळता, पहिलंच पाणी बाटलीत धरा. ही बाटली "पहिलं पाणी". मग चार-पाच लिटर पाणी बादलीत काढा आणि दुसरी बाटली भरा. ऐपत असेल तर तिसरी थेट टाकीतून. प्रत्येकीवर जागा, तारीख आणि वेळ लिहा, आणि बोअर, नळ की टँकर तेही.

निकाल वाचायला सोपे आहेत. पहिलं वाईट आणि दुसरं चांगलं, तर दोष तोटी आणि तिच्या मागच्या जोडात. दोन्ही वाईट आणि टाकी चांगली, तर पाइप किंवा टाकीखालचा वॉल्व्ह. टाकीच वाईट असेल तर मागे जा : पंपाचे पितळी भाग, नळजोडणीचं फेरूल (मुख्य पाइपवर घराची जोडणी घेतात तो तुकडा), जुना पाइप.

बरोबर न्यायचं : ओळखपत्राची प्रत, घराचा पत्ता, स्रोताची माहिती, शुल्क, आणि तुम्ही काढलेला तो कागद.

३. अहवाल येईपर्यंत आजपासून काय कराल

परदेशी सल्ला असतो, "सकाळी नळ पाच मिनिटं वाहू द्या." एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. इथं कुणाला असं सांगायची माझी जीभ वळत नाही. म्हणून हिशोब केला. अर्धा इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटरपेक्षाही कमी पाणी मावतं, एक इंचीत साधारण अर्धा लिटर. तोटी आणि भिंतीतला एल्बो मिळून पेलाभरसुद्धा नाही. म्हणजे दोष तोटीचाच असेल तर दोन-तीन लिटर बाजूला काढले की पुरतं. ते पाणी सांडायचंही नाही. ओट्याखाली एक बादली ठेवा, सकाळचं पहिलं पाणी तिच्यात घ्या, ते फरशी पुसायला, कपड्यांना, संडासात वापरा. मग पिण्याचं भरा. दुपारी सगळे बाहेर असतील तर संध्याकाळी पुन्हा तसंच.

- गिझरचं किंवा सोलरचं गरम पाणी चहाला, डाळीला, बाळाच्या दुधाला घेऊ नका. गॅस वाचतो म्हणून आमच्या गल्लीत सर्रास घेतात. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. थंड पाणी घेऊन चुलीवर तापवा.
- उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. तुरटी, क्लोरीनचे थेंब, यूव्ही आणि साधी कँडल यांचाही इथं उपयोग नाही. जंतूंसाठी ते करत असाल तर ते मात्र थांबवू नका.
- तोटीच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून झटका. धातूचे कण तिथंच अडकून बसतात.

४. खरेदी : काय घ्यायचं, काय टाळायचं

दुकानात मला दोन पिढ्यांचा ठाम सल्ला मिळाला. "ताई, हातात घेऊन तर बघा, किती जड हाय!" जड तोटी टिकते हे खरंही असेल. वजनावरून शिसं कळत नाही. शिसं स्वतःच जड.

तोटी. पिण्याच्या वाटेवर मी दोनच प्रकार सुचवते. पहिला पीटीएमटी, म्हणजे कडक प्लास्टिकची तोटी. आयएस ९७६३ हे तिचं मानक. स्वस्त, क्षारानं गंजत नाही, आणि दुकानदार ती "न्हाणीघरातली" म्हणून दाखवायला का-कू करतो तरी मागून घ्या. दुसरी पूर्ण स्टीलची, ३०४ प्रतीची. "स्टील फिनिश" म्हणजे स्टील नव्हे, ते पितळावरचं पॉलिश असू शकतं. बिलावर "एसएस ३०४" लिहून मागा. चुंबक लावून दाखवतात त्यावर जाऊ नका. ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि हलक्या २०२ लाही चिकटत नाही. २०२ मध्ये शिशाची भीती नाही, पण आपल्या खारट बोअरच्या पाण्यात ते लवकर डागाळतं. पितळीच घ्यायची असेल तर कमी शिशाची, आणि कंपनीचा तसा लेखी दाखला असलेली. अमेरिकेत २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्क्यांहून जास्त शिसं असलेली तोटी "शिसेमुक्त" म्हणून विकता येत नाही. त्याआधी हीच मर्यादा ८ टक्के होती. दाखल्यात हा ०.२५ चा आकडा शोधा.

पाइप. सीपीव्हीसी घ्याल तर आयएस १५७७८, पिण्याच्या पाण्याचा यूपीव्हीसी घ्याल तर आयएस ४९८५. पाइपवर छापलेलं असतं. आयएसआय खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळतंय का ते दुकानातच बघा. माझ्या समोर एका पाइपचा क्रमांक निघालाच नाही. दुकानदार काही न बोलता दुसरा गठ्ठा काढायला आत गेला.

आपल्याकडं आणखी एक सवय आहे : शेतातला उरलेला पाइप घराला लावायचा. पाइप वाया जाऊ नये ही भावना मला कळते, माझ्या सासऱ्यांनीही तेच केलं होतं. तो किती जुना, कशाचा, त्यातून कुठली फवारणी गेली, हे माहीत नसतं. पिण्याच्या वाटेवर तो नको. सांडपाण्याचा किंवा वायरिंगचा पाइप तर नकोच.

जोड आणि वॉल्व्ह. सीपीव्हीसीच्या तोटीकडच्या एल्बोत बहुधा पितळी आटे असतात. पूर्ण प्लास्टिकच्या आट्याचा एल्बो मिळतो, मिस्त्री तो नाकारतात कारण जोरात आवळला की तडकतो. प्लास्टिकची तोटी हलकी असते, तिच्यासाठी तो पुरतो, हातानं बसवून पान्यानं थोडाच फिरवावा लागतो. स्टीलची जड तोटी असेल तर पितळी आट्याचा एल्बो राहू द्या, एकाच जागी. टाकीखालच्या गनमेटलच्या वॉल्व्हच्या जागी सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसीचा बॉल वॉल्व्ह बसतो. ऊन लागत असेल तर त्यावर कापड किंवा जुन्या पाइपचा तुकडा गुंडाळा.

यादी : तोटी, एल्बो, बॉल वॉल्व्ह, लागेल तेवढा पाइप, त्याच जातीचं सॉल्व्हंट सिमेंट, टेफलॉन टेपचे तीन-चार रोल, पाइप पाना, स्क्रू पाना, करवत, बादली. आणि सगळ्याचं पक्कं बिल.

५. बसवून घेताना समोर उभ्या राहा

मिस्त्री येण्याआधी एकच वाक्य ठरवून ठेवा : "दादा, पिण्याच्या लाइनीला सफेदा नको, फक्त टेफलॉन." जुन्या पद्धतीत आट्याला सुतळी गुंडाळून वर सफेदा किंवा शेंदूर लावतात. सफेदा म्हणजे मूळचा शिशाचा पांढरा रंग, शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं भस्म. हल्लीच्या डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नसेल तर तो डबा नको. आमच्या मिस्त्रींनी तीस वर्षं सफेदा वापरलेला. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "मग माझ्या हाताला बी लागत असंल की?" लागतं. जेवण्याआधी हात साबणानं धुवा, एवढं मी त्यांना सांगितलं.

टेफलॉन आट्याच्या दिशेनं दहा-बारा वेढे. पाइपच्या तोंडाशी टेप आत लोंबू देऊ नका. जीआय पाइप कापला असेल तर आतला भुगा तोटी लावण्याआधी वाहून काढा. घराची अर्थिंग जुन्या पाण्याच्या पाइपला बांधलेली असेल तर ती आधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळी करून घ्या. धातूचा पाइप मधे तोडून प्लास्टिक जोडलं की अर्थिंग तुटते आणि शॉकचा धोका होतो. हे काम स्वतः करू नका.

सॉल्व्हंट सिमेंट वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. मग वास जाईपर्यंत पाणी सोडा, बादल्यांत धरून.

६. आरओ, माठ आणि स्टीलचा ड्रम

आरओनं शिसं चांगलं कमी होतं. पण चव यावी म्हणून यंत्रात टीडीएस वाढवायचा स्क्रू असतो. तो उघडला की थोडं कच्चं पाणी पडद्याला वळसा घालून थेट शुद्ध पाण्यात मिसळतं, आणि त्याबरोबर शिसंही. बसवायला आलेल्या मुलाला तो पूर्ण बंद करायला सांगा. वाया जाणारं पाणी फरशीला वापरा.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आरओचं किंवा जारचं पाणी क्षार काढलेलं, मऊ असतं. असं पाणी धातू जास्त खातं. आपण ते आणतो आणि पितळी तोटी लावलेल्या स्टीलच्या ड्रममध्ये किंवा माठात ओततो. रात्रभर ते त्या तोटीत बसतं. सकाळी उठल्यावरचा पहिला पेला तिथूनच येतो, बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात लहानग्याला. ड्रमची आणि माठाची तोटी आजच बघा. प्लास्टिकची किंवा स्टीलची तोटी बाजारात सहज मिळते आणि वायसरसकट दहा मिनिटांत बसते. माठाला तोटी नकोच असेल तर ओगराळं उत्तम.

पितळी हंडा-घागरीत पाणी साठवत असाल तर कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्या. गळणारं भांडं झाळून पुन्हा पिण्याच्या पाण्याला वापरू नका. झाळायच्या साध्या रसात शिसं असतं.

७. भाड्याचं घर आणि गावाकडचा हातपंप

भाड्यानं राहत असाल तर घरमालकांशी वाद नको. स्वयंपाकघरातली तोटी स्वतः बदला, जुनी पिशवीत घालून नाव लिहून ठेवा, घर सोडताना परत बसवा.

हातपंपाच्या सिलिंडरमध्ये पितळी भाग असतात. सकाळी पहिल्यांदा पंप मारणाऱ्यानं पहिली बादली गुरांना किंवा पिण्याला न घेता धुण्याला घ्यावी. आमच्या गावी आता सरपंचताईंनी पंपाच्या ओट्यावर तसं रंगानं लिहून घेतलंय.

८. पुन्हा तपासणी

नव्या तोटीतून सुरुवातीचे काही आठवडे धातू जास्त सुटतो, स्टील असो की कमी शिशाचं पितळ. म्हणून लगेच तपासू नका. साधारण दीड-दोन महिने रोज वापरा, मग पुन्हा "पहिलं पाणी" आणि "नंतरचं पाणी" अशा दोन बाटल्या द्या, त्याच प्रयोगशाळेत. पुढची तपासणी उन्हाळ्यात, बोअर किंवा टँकर सुरू झाल्यावर.

पहिल्या अहवालात शिसं मर्यादेच्या वर असेल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा डॉक्टरांना अहवाल दाखवा आणि रक्तातल्या शिशाची चाचणी करायची का ते विचारा. आमच्या डॉक्टरांनी करायला सांगितली आणि लोहाचं औषधही सुरू केलं. मुलीचा आकडा काळजीचा नव्हता. तोटी बदलल्यावरच्या अहवालात पहिल्या पाण्यात शिसं मर्यादेच्या बरंच खाली आलं. दोन्ही अहवाल आणि तोटीचं बिल मी ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय, खाली पुढच्या तपासणीचा महिना लिहून : एप्रिल.